चार नंबरच्या पिपातलं कोरं तेल

१

मुलांनो, एक निळं पीप डोळ्यांसमोर आणा. तुमच्या छातीपर्यंत येईल एवढं, प्लॅस्टिकचं, वर काळं झाकण. आता झाकण उघडा. घाबरू नका, आतून काही उडी मारून बाहेर येणार नाही. आत तेल आहे. जरा वाका. नाकाला काय लागलं? बटाटेवडा? बरोबर. त्याच्या मागे कुणाच्या पुऱ्या आहेत, कुणाची कांदाभजी, आणि अगदी तळाशी कुणाकडचे तळलेले बोंबील. कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांच्या आणि गाड्यांच्या कढया या पिपात रिकाम्या झाल्या आहेत.

हे तेल पुन्हा खायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यापासून डिझेलसारखं इंधन करता येतं. असं इंधन करणाऱ्या कारखान्याला आणि तेल गोळा करून देणाऱ्या बायांना सरकार एका योजनेतून मदत देतं. अट एकच, तेल तळून झालेलं हवं. ही अट का असेल? लगेच बोलू नका, थोडा विचार करा. मदत मिळते म्हटल्यावर एखाद्यानं बाजारातून नवं तेल आणून पिपात ओतलं तर? माणसाच्या ताटातलं तेल ट्रकच्या टाकीत जाईल, आणि शाबासकी लबाडाला मिळेल. म्हणून तपासनीस येतात आणि प्रत्येक पिपातून एकेक बाटली भरून नेतात.

त्या बुधवारी पाच पिपांचा निकाल आला. चार पिपं ठीक होती. चार नंबरच्या पिपातलं पंधराव्या हिश्शाचं तेल मात्र कधी कढईत गेलेलंच नव्हतं.

निकालाचा कागद घेऊन तपासनीस हौसेराव घोरपडे जुईनगरला गेले. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मीना टिपणीस यांच्या दारात ते पोचले तेव्हा दोन मिनिटं त्यांना बोलताच येईना. मीनाताईंनी छत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत दूध, हळद आणि तेल तपासलं होतं. हौसेराव एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकले होते.

"मॅडम, एरवी मी अहवाल लिहून मोकळा होतो. ह्या वेळी पेन उचलेना झालंय."

"मग नका लिहू. बसा, पाणी घ्या."

"न लिहून कसं चालंल? शनिवारी दुपारी बैठक हाय. केंद्र बंद, अकरा बायांचं काम बंद. आन् जिच्याकडं चावी असती तिच्यावर गुन्हा. कागद सरळ हाय, मॅडम. पण बाईसुद्धा सरळ वाटती, तीच अडचण हाय."

मीनाताईंनी चष्मा पुसला. त्यांना खरं तर नको होतं हे. छत्तीस वर्षांत त्यांच्या परीक्षानळ्यांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, कोण खोटं बोललं ती. खरं बोलणाऱ्यांचं दूध प्रयोगशाळेत येतच नसे.

"काय म्हणते बाई?"

"काही नाही. पीप मी भरलं, कुलूप मी लावलं, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. एवढंच. तीनदा इचारलं, तीनदा तेच."

मीनाताईंचा पुसणारा हात थांबला. अडचणीत सापडलेला माणूस आधी इतरांकडे बोट दाखवतो. ही बाई सगळी बोटं स्वतःकडेच वळवत होती.

"पायऱ्या उतरताना मला हात द्या," त्या म्हणाल्या.

२

कोपरखैरणे गावात, मारुतीच्या देवळाला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, 'तेल मोरीत नको, खाडीत नको. इथे द्या.' हे संकलन केंद्र. ते चालवायची काशी म्हात्रे. चाळिशीची, कमी बोलणारी, पदर खोचून उभी राहणारी.

शेडमध्ये पाचही पिपं ओळीनं उभी होती. हौसेरावांनी बाटल्या नेल्या त्या दिवसापासून कुणी कशाला हात लावला नव्हता. प्रत्येक पिपावर खडूनं तीन ओळी होत्या: काय आहे, कधी भरलं, कुणी भरलं. केंद्राची ही शिस्त काशीनंच लावलेली. चार नंबरच्या पिपावर लिहिलं होतं, 'तळलेलं तेल. शनिवार. काशी.'

कोपऱ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी खोक्यावर वही ठेवून गणितं सोडवत होती.

"ही माझी भाविका," काशी म्हणाली. "सहावीला आहे. भावू, घरी जा."

"गणित राहिलंय."

"घरी बसून कर."

"राहू दे तिला," मीनाताई म्हणाल्या. "काशीताई, चावी कुठे असते?"

"माझ्या कमरेला. नियम आहे तसा. चावी माझ्याशिवाय कुणाकडं जात नाही."

"त्या शनिवारी?"

"त्या शनिवारी पण."

हे उत्तर थोडं लवकर आलं. मीनाताईंनी ते मनात बाजूला ठेवलं. तुम्हीही ठेवा.

"नवं तेल कुणी ओतलं असेल?"

"मॅडम, मला काय ते लिहून टाका. आमची जमीन शहरात गेली, मिठागरं गेली. अकरा जणी घरात बसल्या होत्या. या पिपांमुळे त्या घराबाहेर पडल्या. माझं नाव लिहा आणि बाकीच्या दहा जणींना काम करू द्या. एवढं होतंय का बघा."

"तसं होत नाही, ताई," हौसेराव हळूच म्हणाले. "केंद्र गेलं की सगळ्याच गेल्या."

काशीनं मान फिरवली.

प्रत्येक पिपाच्या तोंडावर एक जाळी होती. तेल ओतलं की त्यातला गाळ जाळीवर राहतो. मीनाताई जाळ्या उचलून उन्हाकडे धरू लागल्या. पहिल्या जाळीवर भज्यांचा चुरा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर तेच, आणि करपलेली एक मिरची. पाचव्यावर माशाचं खवलं.

चौथ्या जाळीवर भज्यांचा चुरा तर होताच, शिवाय सात-आठ काळे गोल दाणे होते. जाळीच्या कडेला एक तांबूस डाग. गंज असावा.

मीनाताईंनी दाणा बोटावर घेतला. अख्खे, सालीसकट उडीद.

मागे काहीतरी खाली पडलं. त्यांनी वळून पाहिलं. वही उघडी होती, पेन्सिल जमिनीवर घरंगळत होती आणि खोक्यावर कुणीच नव्हतं.

३

रूपेश केंद्राचा टेम्पो चालवायचा. त्याचा आवाज पार बसला होता.

"बहिणीची हळद होती ना रविवारी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "डीजेसमोर नाचलो, गळा गेला. टेन्शन नको, मॅडम, कान चांगलाय."

"हळदीआधी शुक्रवारी तुम्ही वाशीच्या मार्केटमधून तेलाचे डबे आणलेत."

रूपेशचा चेहरा उतरला. "आणले ना. आठ डबे. आमच्याकडं हळद म्हणजे गाव जेवतं, मॅडम. चारशे पानं उठली. तेल काय कमी लागतं? पण लोक लगेच चालू झाले, रूपेशनं पिपात ओतलं म्हणून. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं विचारलं. नवा मेव्हणा. चार दिवसांचा."

"कुठलं तेल होतं?"

"पामतेल. सगळ्यात स्वस्त."

मीनाताईंनी कागदाच्या पुडीतले उडीद त्याच्यापुढे धरले. त्यानं ते निरखले आणि सुटकेचा श्वास टाकला.

"हे इडलीवाल्या अण्णाकडचं. तो मेदूवडे तळतो, उडदाचे. त्याचं तेल चार नंबरमध्येच गेलं होतं. झालं ना क्लिअर?"

आता तुम्ही सांगा. झालं का? घरी मेदूवड्याची तयारी पाहिली असेल, तर आठवा.

"त्याची डाळ पांढरी असते, रूपेश," मीनाताई म्हणाल्या. "साल काढलेली, भिजवलेली, वाटलेली. अख्खा काळा उडीद कढईपर्यंत पोचतच नाही."

रूपेशनं डोकं खाजवलं. "मग कुठनं आला?"

"ते शोधतेय. शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. दुसऱ्या दिवशीची तयारी. गावातल्या बायका तांदूळ निवडायला जमल्या होत्या आमच्या अंगणात. काशीवैनी पण. बारापासून पाचपर्यंत हलली नाय. मग मी म्हटलं, वैनी, पिपं सील करायची ना? तर तिनं अंगणातूनच पोरीला हाक मारली. म्हणाली, भावू, चावी आण."

तो बोलून गेला, आणि मीनाताईंचा चेहरा बघून गप्प झाला.

"मी काय चुकीचं बोललो का?"

४

कारखान्याचे मालक नंदकुमार सावे तुर्भ्याहून स्वतः आले होते. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"माझ्यावर संशय असेल तर तसं सांगा," ते म्हणाले. "मला सवय झाली आहे. बँकेला वाटतं मी बुडणार, सरकारला वाटतं मी बुडवणार. टेकडीएवढे अर्ज भरून मी या योजनेत शिरलो. एका पिपासाठी त्यातून बाहेर पडेन का?"

"तेल कमी पडत होतं म्हणून ओतलं असेल, असं लोक म्हणतात."

"ओतायचं असतं तर कारखान्यात ओतलं असतं. इथल्या शेडची चावी कुठे मागत बसू?"

उत्तर बरोबर होतं. पण बरोबर उत्तर तयार ठेवणारी माणसं मीनाताईंनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी हौसेरावांकडून चार नंबरच्या बाटलीतलं थोडं तेल मागून घेतलं, आणि शुक्रवारी सकाळी त्या हौसेरावांना घेऊन जुईनगरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या विज्ञानाच्या बाई त्यांना ओळखत होत्या.

आता पुढचं फक्त वाचायचं. घरी करायचं नाही, कारण यात जे आम्ल लागतं ते कातडी जाळतं.

मीनाताईंनी दोन परीक्षानळ्यांत थोडी साखर आणि थोडं तीव्र आम्ल घेतलं. एकीत पामतेल घातलं, दुसरीत चार नंबरचं. दोन्ही हलवल्या आणि स्टँडवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या. ही परीक्षा त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकली होती. तेव्हा त्यांचे गुडघे दुखत नसत आणि लोकांना पकडायची हौसही होती.

पहिली नळी होती तशीच राहिली. दुसरीच्या तळाचं आम्ल हळूहळू गुलाबी झालं, मग जास्वंदीसारखं लाल.

तिळाचं तेल.

हौसेराव वाकून बघत राहिले. "तीळ? मॅडम, तिळाचं तेल पामतेलापेक्षा कितीतरी महाग."

"हो ना. लबाडी करणारा माणूस स्वस्तात करतो. महागाचं तेल ओतून छोटी मदत कोण मिळवेल? नंदकुमार नाही, रूपेश नाही. हे तेल ज्यानं ओतलं त्याच्या मनात त्याची किंमतच नव्हती."

"मग काय होतं मनात?"

मीनाताईंनी पुडीतले उडीद टेबलावर पसरले. काळे उडीद, तिळाचं तेल, शनिवार. त्यांनी डोळे मिटले. जाळीच्या कडेचा तो तांबूस डाग आठवला. गंज हाताला खरखरीत लागतो. तो डाग तर बोटाला मेणासारखा लागला होता.

"हौसेराव," त्या म्हणाल्या, "शेडला लागून काय आहे?"

५

मारुतीची मूर्ती शेंदरानं भरलेली होती. शनिवारी माणसं येतात, तेल वाहतात, सोबत काळे उडीद आणि रुईची पानं. मूर्तीवरून ओघळलेलं तेल खाली दगडी कुंडीत जमतं.

देवळाची झाडलोट करणारी पुतळा नावाची बाई पायरीवर बसून वाती वळत होती. सत्तरीची म्हातारी, पाय लांब केलेले.

"मावशी, कुंडीत जमलेल्या तेलाचं काय करता?"

"काय करनार? द्येवाचं त्याल हाय. खावाचा नाय, पायाखाली येवाचा नाय. खारीत सोरतो." खारी म्हणजे खाडी, आणि सोरतो म्हणजे सोडतो.

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. डबाभर होतंय. लोकांच्या मागं साडेसाती वाढली, म्हनून त्याल पन वाढलं." ती स्वतःशीच हसली.

"एवढा डबा तुम्ही उचलता?"

"माजं गुरघं गेलं कवाच. तुमचं बी गेलेलं दिसतंय."

"गेलंय खरं. मग कोण नेतं?"

पुतळानं वात खाली ठेवली. देवळाचे विश्वस्त कमळाकर म्हात्रे, काशीचे मोठे दीर, तेवढ्यात चपला काढून आत येत होते. त्यांना बघून तिनं आवाज बारीक केला.

"गुनाची पोर हाय. मी बोलली, डबा मी ओतते, तर ती बोलली, नको आजी, मी नेतंय. तिला काय करू नका."

आणि तिनं हनुवटीनं देवळामागच्या वाटेकडे खूण केली. वाट जेट्टीकडे जात होती.

६

ओहोटी होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता, लांबवर ऐरोलीच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या. जेट्टीच्या कडेला भाविका पाय सोडून बसली होती. मीनाताई तिच्या शेजारी बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला, आणि भाविकानं न बोलता त्यांचा हात धरला.

मग तिनं चिखलाकडे बोट दाखवलं.

"ती बघा निवटी," भाविका म्हणाली. चिखलावर बोटाएवढा एक मासा परांवर सरकत होता, डोळे डोक्यावर ठेवल्यासारखे. "तिकडे आहेत अजून. इथं नाहीत. इथं आम्ही डबा ओततो ना."

जेट्टीखालचा चिखल तेलकट चमकत होता. त्यावर काहीच हलत नव्हतं.

"त्या शनिवारी होती एक. पूर्ण माखली होती. नुसतं तोंड उघडत होती. मी डबा घेऊन उभी होते." ती थांबली. "मग मी डबा परत नेला. चावी माझ्याकडे होती, आई तांदूळ निवडायला गेली होती. आमच्या पाटीवर लिहिलंय ना, खाडीत नको, इथे द्या. मला वाटलं, तेल ते तेल."

"आईला सांगितलंस?"

"नाही. पण तिला कळलंय."

"कशावरून?"

"तिनं एकदासुद्धा विचारलं नाही. आणि बुधवारपासून रोज डब्यात अंडापोळी देते. एरवी वाढदिवसाला देते."

आयुष्यभर मीनाताईंनी खोटं पकडलं होतं, पण असं अंडापोळीतलं खोटं त्यांच्या परीक्षानळीत कधी आलं नव्हतं.

"काकांना कळलं तर?" भाविका म्हणाली. "देवाचं तेल मी टेम्पोत घालायला दिलं. ते पुतळाआजीला काढून टाकतील. आणि मी नाही सांगितलं तर आईला पकडतील. मी काय करू?"

"मी उद्या बैठकीत तेल कुठलं ते सांगणार आहे. कुणी ओतलं ते सांगणार नाही."

"का?"

"छत्तीस वर्षं मी नावं लिहिली, बाळा. नाव लिहिताना प्रत्येक वेळी वाटायचं की हे त्या माणसानं स्वतः सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता दमले मी. हे नाव मला लिहायचं नाही."

"आणि मी पण नाही सांगितलं तर?"

मीनाताईंनी तिच्याकडे पाहिलं. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"तर तुझी आई बोलेल," त्या म्हणाल्या. "ती काय बोलेल ते तुला माहीत आहे."

७

शनिवारी दुपारी शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. केंद्राच्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. नंदकुमार कपाळ पुसत होते. रूपेश दारात. कमळाकरांना मुद्दाम बोलावलं होतं, ते खुर्चीवर ताठ बसले होते. भाविका कुठे दिसत नव्हती.

मीनाताईंनी सगळं सावकाश सांगितलं, वर्गात सांगावं तसं. उडीद दाखवले. लाल झालेली नळी दाखवली. जाळीच्या कडेचा शेंदूर दाखवला.

"हे बाजारातून आणलेलं तेल नाही," त्या म्हणाल्या. "मारुतीला वाहिलेलं आहे. यात कुणी काही कमावलेलं नाही. खाडीत जायचं ते तेल पिपात आलं, एवढंच."

कमळाकर उभे राहिले. "देवाचं तेल? टेम्पोत? आमच्या देवळाला ह्यात कशाला ओढता, मॅडम? वाडवडिलांपासून ते खाडीतच जातंय."

"ओतलं कुणी?" हौसेरावांनी थकलेल्या आवाजात विचारलं. "मॅडम, तेल कुठलं ते पटलं. पण अहवालात नाव लागतं. कुणी, कधी, कशासाठी. नाव नसेल तर जिच्याकडं चावी तिचं जातं. मला दुसरा मार्ग न्हाई."

हौसेरावांनी मीनाताईंकडे पाहिलं. मीनाताई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

"मी ओतलं," काशी म्हणाली.

"वैनी, तू तर आमच्या अंगणात होतीस," रूपेश दारातून म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"गप रे तू. साहेब, लिहा. काशी म्हात्रे."

हौसेरावांनी पेनाचं टोपण काढलं. लिहिलं मात्र नाही.

दारातली माणसं बाजूला झाली. भाविका आत आली, एका बाजूला कलून, कारण तिच्या हातात तेलानं भरलेला पत्र्याचा डबा होता. त्यावर शेंदराची बोटं उमटली होती. मागे भिंत धरत धरत पुतळा. भाविकानं डबा हौसेरावांच्या टेबलासमोर ठेवला. तो ठेवताना आवाज झाला.

"मागच्या शनिवारी असाच डबा मी ओतला," ती म्हणाली. "आईला माहीत नव्हतं. पुतळाआजीलाही नाही. तिनं खाडीत न्यायला दिला होता. मी नेला नाही."

काशी मटकन खोक्यावर बसली.

"कुणाला विचारून?" कमळाकरांनी विचारलं.

"कुणालाच नाही, काका," भाविका म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, लहान असताना जेट्टीखाली निवट्या हातानं धरायचात. चला आता. एक दाखवा मला तिथं."

कमळाकरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी डब्याकडे पाहिलं, पुतळाकडे पाहिलं आणि ते पुन्हा खुर्चीवर बसले. "मोठ्या असायच्या," शेवटी ते म्हणाले, कुणाशीच नाही.

हौसेरावांनी आता कागदावर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून ते थांबले. "हे पीप बाद. बाकीची चार चालू. लबाडी न्हवती, असं मी लिहितोय. पण बाळ, आजच्या डब्याचं काय करायचं? योजनेच्या कागदावर दोनच रकाने हायत. तळलेलं आन् न तळलेलं. देवाच्या तेलाला रकाना न्हाई. त्याला सरकारी मदत मिळायची न्हाई."

"मदत नाही मिळाली तरी इंधन होतं याचं," नंदकुमार म्हणाले. "वेगळं ठेवलंत तर मी नेईन. वेगळं मात्र हवं."

"हिच्या काकांना विचारा," काशी खोक्यावरून म्हणाली. "देऊळ त्यांचं आहे."

सगळे कमळाकरांकडे बघू लागले. ते जमिनीकडे बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

भाविका शेडच्या मागच्या भिंतीकडे गेली. तिथे एक रिकामं पीप उपडं पडलं होतं. तिनं ते उभं केलं, गडगडत पुढे आणलं आणि इतर पिपांपासून चार पावलं दूर ठेवलं. खिशातून खडू काढला. गुडघ्यावर बसून तिनं पिपावर पहिली ओळ लिहिली: देवाचं तेल, तळलेलं नाही. खाली दुसरी: शनिवार.

मग तिनं आईकडे एकदा पाहिलं, आणि तिसऱ्या ओळीत, सगळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, स्वतःचं नाव लिहिलं.